जुना डिझायनर रेशमी कलर-ब्लॉक ड्रेस विकायला आहे : घेण्याआधी काय काय बघू?

निळी_रेघ

नमस्कार मंडळी. एका विक्रेतीने ऑनलाइन एक ड्रेस विकायला लावलाय आणि माझं मन त्यावर जडलंय. तिने लिहिलंय : 'व्हिंटेज डिझायनर, शंभर टक्के रेशीम, कलर-ब्लॉक, साठचं दशक'. गुडघ्याखाली जाणारा, लांब बाह्यांचा, सरळ कापाचा ड्रेस आहे. वरचा भाग हस्तिदंती, एक बाही लाल, दुसरी काळी, कमरेखाली गडद निळा आणि डाव्या अंगाने वरपासून खालपर्यंत पिवळा पट्टा. मागे चेन. लेबलवर एका मोठ्या फॅशन घराचं नाव आहे. ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या नावावरच होईल आणि कपडा बाजूला राहील.

फोटो समोरून, मागून, लेबलचा आणि बाहीचा एवढेच आहेत. किंमत मला जड आहे, परतीची सोय नाही. तो खरंच साठच्या दशकातला आहे का, खरंच रेशीम आहे का, आणि लाल-काळ्याला लागून असलेला पांढरा पुढे पांढरा राहील का, हे घरबसल्या कसं ठरवायचं? आणि मला तो घालायचा आहे, कपाटात ठेवायचा नाही.

मांजरपाट

रंगांचं वर्णन वाचूनच घ्या म्हणावंसं वाटलं.

उरेब_पट्टी

थांबा, इतक्यात घेऊ नका. जुना कपडा बाहेरून बघून काहीच कळत नाही, तो आतून बघायचा असतो. विक्रेतीकडून हे फोटो मागवा : ड्रेस उलटा करून दोन्ही काखा, आतली एक आडवी आणि एक उभी शिवण जवळून, चेन वरपासून खालपर्यंत, खालची दुमड, आणि मुख्य लेबलाखेरीज बाजूच्या शिवणीत जी बारकी लेबलं असतील ती सगळी. तारीख त्या बारक्या लेबलांवरून कळते. मानेजवळचं नावाचं लेबल विक्रीसाठी असतं, शिवणीतलं लेबल कायद्यासाठी असतं.

कलर-ब्लॉकमध्ये सगळ्यात आधी बघायचं ते हे की रंग छापलेले आहेत की वेगवेगळे तुकडे कापून जोडलेले आहेत. जोडलेले असतील तर उलट बाजूला प्रत्येक रंगाच्या कडेला शिवण दिसेल. किंमत त्या शिवणींची असते. वेगळ्या रंगांचे तुकडे एकमेकांना कोपऱ्यात काटेकोर भेटवणं, तेही रेशमासारख्या सरकणाऱ्या कापडात, हे फार कठीण काम आहे. कोपऱ्याचा फोटो मागवा. तिथे चुणी असेल किंवा रेघ अर्ध्या दोऱ्यानेही हललेली असेल तर मोठ्या घराच्या किमतीला तो घेऊ नका.

चौकट_राजा_नाही

साठचं दशक आणि असे रंग म्हटलं की सगळ्यांना फ्रेंच डिझायनर इव्ह सँ लोराँचा 1965 चा माँद्रियान ड्रेस आठवतो, म्हणजे चित्रकार माँद्रियानच्या काळ्या रेघा आणि रंगीत चौकोनांच्या चित्रांवरून केलेला. विक्रेतीने बहुधा त्या आठवणीवरच 'साठचं दशक' लिहिलंय. पण ते ड्रेस रेशमाचे नव्हते, लोकरीच्या जर्सीचे होते. कापड जाड आणि सपाट पडणारं हवं होतं, म्हणजे अंगावर चित्राची चौकट मोडत नाही. शिवाय शरीराच्या वळणासाठी लागणारे टक्स वेगळे न दाखवता त्या काळ्या रेघांच्या शिवणींतच जिरवले होते. लांबून सपाट चित्र दिसतं आणि अंगावर मात्र नीट बसतं. रेशमात हे तितकं साधत नाही, रेशीम झुळझुळतं आणि रेघ वाकते. त्यामुळे रेशमी कलर-ब्लॉक हा बहुतेकदा वेगळ्या विचाराने केलेला असतो : मोठे ठोकळे, सैल काप, हालचालीबरोबर रंग सरकावेत असा.

गुंडाळी

@चौकट_राजा_नाही, कलर-ब्लॉकचा जन्म 1965 मध्ये झाला असं कुणी समजू नये एवढं सांगते. सोनिया दलोने हिने 1913 मध्येच वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या कापडांचे तुकडे जोडून स्वतःसाठी ड्रेस शिवला होता. ती चित्रकार होती, आणि दोन रंग शेजारी आले की एकमेकांना कसे उजळतात हाच तिच्या चित्रांचा विषय. ती चित्रं अंगावर घालत होती. तिचं काम समोर ठेवलं की बाकी बरंच नंतरचं वाटतं.

चौकट_राजा_नाही

मान्य. मी फक्त विक्रेतीच्या डोक्यात काय असेल ते सांगत होतो. दलोने माझीही आवडती.

सुई_क्रमांक_नऊ

रेशीम तपासायची खात्रीची जुनी पद्धत म्हणजे दोरा जाळणं. आतल्या शिवणीच्या जादा कापडातून एक दोरा काढायचा आणि चिमट्यात धरून पेटवायचा. रेशीम प्रथिनाचं असतं, त्यामुळे केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की ते बहुधा आपोआप विझतं आणि मागे काळी, बोटांनी चुरडली जाणारी राख राहते. पॉलिस्टर वितळतं, त्याचा कडक मणी होतो. रेयॉन कागदासारखं जळतं.

पण हे कपडा हातात आल्यावरच करता येतं, आणि प्रत्येक रंगाचा दोरा वेगळा तपासावा लागतो. सगळेच ठोकळे रेशमाचे असतीलच असं नाही.

पांढरा_कॉलर

फोटोतून रेशीम ओळखता येत नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. 'चमक बघा' असं लोक सांगतात, पण चांगलं पॉलिस्टरही चमकतं आणि क्रेप द शीनसारखं रेशीम मुळात फार चमकत नाही. घरबसल्या विश्वास ठेवायचा तो धाग्याचं नाव लिहिलेल्या लेबलावर. ते नसेल तर विक्रेतीलाच दोरा जाळून बघायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. ती टाळाटाळ करत असेल तर तुम्हीही तो ड्रेस टाळा.

मांजरपाट

एवढ्या किमतीचा ड्रेस विकताना तिला कुणी 'जरा जाळून बघा' म्हटलं तर तिचं काय होईल! 😄

पांढरा_कॉलर

ड्रेस नाही हो, दोरा!

निळी_रेघ

विक्रेती चांगली निघाली. विचारल्याबरोबर तिने फोटो पाठवले. तीन गोष्टी दिसतात.

रंग छापलेले नाहीत, प्रत्येक ठोकळा वेगळा कापून जोडलाय. आतून पूर्ण अस्तर आहे. तिने तळाशी अस्तर उचलून शिवणींचा फोटो काढला, कोपरे अगदी नेमके आहेत.

बाजूच्या शिवणीत पांढरं छोटं लेबल आहे. त्यावर दोन भाषांत रेशीम असं लिहिलंय आणि खाली चिन्हं : पाण्याच्या टबवर फुली, इस्त्री, गोलात एक अक्षर. देशाचं नाव इटली.

खांद्यात पॅड आहेत, चांगले जाड.

आणि काखेच्या अस्तरावर फिकट गुलाबी सावली आहे, लाल बाहीच्या बाजूला. बाहेरून काही दिसत नाही असं ती म्हणते.

उरेब_पट्टी

झालं. हा साठच्या दशकातला नाही.

कारणं सांगते. कपड्यावर धुण्याच्या सूचनांचं लेबल अमेरिकेत 1972 पासून सक्तीचं झालं, नियम 1971 चा होता. युरोपात चिन्हं आधीपासून आहेत, ती सांभाळणारी जिनेटेक्स ही संस्था 1963 ची. त्यामुळे एकट्या चिन्हांवरून साठचं दशक अशक्य म्हणता येणार नाही. पण लांब बाह्या, सैल सरळ काप, जाड खांदे आणि दोन भाषांतलं छापील लेबल हे सगळं एकत्र आलं की मी निःशंकपणे ऐंशीचं दशक म्हणेन. नव्वदची सुरुवातही असू शकते.

चेन कशी आहे? धातूची की नायलॉनची? साठच्या दशकात नायलॉनची चेन वाढत गेली, त्याआधी ड्रेसला धातूचीच जास्त. पण एकट्या चेनवर जाऊ नका, चेन तुटली की बदलतात.

सुई_क्रमांक_नऊ

वरच्या यादीत थोडी भर, कुणाला दुसऱ्या कपड्यासाठी उपयोगी पडेल म्हणून. अमेरिकन कपडा असेल तर आत कामगार संघटनेचं लेबल शोधा. स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या आयएलजीडब्ल्यूयू या संघटनेचं लेबल कपड्यात शिवलेलं असायचं, आणि त्याची रचना दर काही वर्षांनी बदलली. त्यावर एएफएल-सीआयओ अशी अक्षरं असतील तर कपडा 1955 नंतरचा, कारण एएफएल आणि सीआयओ या अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या दोन महासंघांचं विलीनीकरणच 1955 चं. 1995 मध्ये ही संघटना दुसऱ्या संघटनेत विलीन झाली, म्हणजे तिचं लेबल असलेला कपडा साधारण त्याआधीचा. आणि अमेरिकन लेबलावर शब्द नसून नुसती चिन्हं असतील तर तो 1997 नंतरचा, कारण नुसत्या चिन्हांना तिथे तेव्हाच परवानगी मिळाली. 'पश्चिम जर्मनी' लिहिलेलं असेल तर 1990 च्या आधीचा.

ताणा_बाणा

मला वेगळं म्हणायचं आहे. दशकाचा एवढा बाऊ का? ड्रेस ऐंशीचा निघाला म्हणून तो कमी सुंदर झाला का? कोपरे नेमके आहेत, अस्तर आहे, रंग धीट आहेत. ऐंशीच्या दशकात मोठ्या घरांनी रेशमात जे रंग वापरले ते आजही दुसरीकडे सापडत नाहीत. साठचा असता तर तिला तो घालायची भीती वाटली असती. ऐंशीचा आहे, घालता येईल.

उरेब_पट्टी

@ताणा_बाणा, सौंदर्य कमी होत नाही, किंमत मात्र व्हायला हवी. विक्रेतीने 'साठचं दशक' लिहून भाव लावलाय. साठच्या दशकातला मोठ्या घराचा घालता येण्याजोगा रेशमी ड्रेस दुर्मीळ आहे, ऐंशीचे पुष्कळ सापडतात. ती मुद्दाम खोटं बोलते असं मी म्हणत नाही, बऱ्याच जणांना खरंच कळत नाही. पण चुकीच्या दशकाचे पैसे निळी_रेघने का भरावे?

घडी_मोड

नावाबद्दलही एक. लेबलावर मोठं नाव आहे म्हणजे तो त्या घराच्या मुख्य कारखान्यात शिवला असं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत नाव वापरायचे परवाने सर्रास दिले जायचे. फ्रेंच डिझायनर प्येर कार्दँने तर आपलं नाव शेकडो वस्तूंना दिलं. एकाच नावाखाली कुतूर (म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने शिवलेला कपडा), तयार कपड्यांची मुख्य मालिका, स्वस्त दुय्यम मालिका आणि परवान्यावर दुसऱ्याच कंपनीने काढलेला माल, हे सगळं सापडतं. सँ लोराँचंच बघा, 'रिव्ह गोश' ही तयार कपड्यांची मालिका 1966 ची आणि तिचं लेबल कुतूरच्या लेबलापेक्षा वेगळं. त्यामुळे नावाखाली बारीक अक्षरांत दुसरं काही लिहिलंय का ते बघा. फरक तिथे असतो.

निळी_रेघ

नावाखाली एक शब्द आहे. शोधून बघितलं, ती तयार कपड्यांची मुख्य मालिका आहे, परवान्याची नाही. चेन नायलॉनची, बारीक आणि हाताने बसवलेली दिसते.

आता मला त्या गुलाबी सावलीचं सांगा. मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच आहे.

सुई_क्रमांक_नऊ

ती सावली म्हणजे घामाने लाल रंग सुटलाय. रंग सुटला हे वाईटच, पण सावली फक्त अस्तरावर आहे आणि हस्तिदंती भागावर आली नाही, हे चांगलं लक्षण. लाल बाही काखेत हस्तिदंतीला जोडलेली आहे, त्या शिवणीच्या बाहेरच्या बाजूचा फोटो उजेडात काढून मागा. गुलाबी कड दिसली तर सोडून द्या. हस्तिदंती रेशमावर चढलेला लाल रंग काढायला जे लागतं ते बाकीचे रंग खाऊन टाकतं.

रंगापेक्षा मला कापडाची जास्त काळजी आहे. घामातले क्षार आणि घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधले अॅल्युमिनियमचे क्षार रेशमाला आतून कुजवतात. काखेतलं कापड बाहेरून धड दिसतं आणि हात वर केला की फाटतं. विक्रेतीला सांगा, काखेच्या शिवणीजवळ दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताण देऊन बघ. करकर आवाज आला किंवा दोरे वेगळे होऊ लागले तर त्या जागी आता जीव राहिलेला नाही.

रफू_वाली

तिथे जीव नसेल तरी सगळं संपत नाही. काखेत तिकोनी कळी बसवता येते. कलर-ब्लॉकमध्ये तर हे छान जमतं, दुसऱ्या रंगाची कळी घातली तरी ती मूळ रचनेतलीच वाटते. मी अशा बऱ्याच कळ्या बसवल्यात. रेशीम त्याच वजनाचं घ्या. जाड कापडाची कळी जुन्या पातळ रेशमाला शिवणीपाशी फाडते, दोष तिथून पुढे सरकतो.

आणि आतलं अस्तर उसवून नवं घालता येतं. गुलाबी सावली अस्तराबरोबर जाईल.

ताणा_बाणा

जुना डिझायनर ड्रेस आणि त्यात दुसऱ्या रंगाची कळी? मूळ कपड्याला हात लावू नये असं मला वाटतं. ज्याने तो कापला त्याने पिवळा कुठे थांबतो याचा विचार केला होता.

रफू_वाली

मान देऊनच सांगते, ती तो घालणार आहे असं तिने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. घालायचा कपडा दुरुस्त व्हायलाच हवा. संग्रहासाठी घेतला असता तर मीही हात लावू नका म्हटलं असतं. फाटलेली काख जपून ठेवण्यात ड्रेसचा मान कसा राहतो ते मला कळत नाही.

गुंडाळी

दोघींचं जमेल असा मार्ग आहे. जुनं काही कापू नका. शिवण उसवा, कळी घाला, उसवलेलं मूळ कापड आतच राहू द्या. पुढे कुणाला मूळ रूप हवं असेल तर परत करता येईल. काय केलं ते कागदावर लिहून ड्रेसबरोबर ठेवा.

ताणा_बाणा

हे पटलं.

पांढरा_कॉलर

धुण्याबद्दल कुणीच बोललं नाही. लेबलावर टबवर फुली आहे, ती पाळा. एकरंगी रेशीम काही वेळा सौम्य साबणात थंड पाण्याने धुता येतं, पण इथे लाल, काळा, निळा आणि हस्तिदंती एकाच कपड्यात आहेत आणि लालने रंग सोडल्याचा पुरावा समोर आहे. याला पाणी लावायचंच नाही. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमकुवतही असतं. आणि क्लोरीनचं ब्लीच रेशमाच्या जवळही नको, ते रेशमाला विरघळवतं.

ड्राय-क्लीनिंग सगळे डाग काढतं असंही समजू नका. नेहमी वापरतात तो द्राव तेलकट डाग काढतो. घाम आणि गोड पेयाचे डाग पाण्यात विरघळणारे असतात, ते तिथे नीट निघत नाहीत. सरबताचा न दिसणारा डाग इस्त्रीच्या उष्णतेने नंतर तपकिरी होतो. म्हणून देताना प्रत्येक डाग बोट ठेवून दाखवा, कशाचा आहे ते सांगा, आणि लाल बाहीच्या आतल्या मार्जिनवर रंगाची चाचणी करून मगच पुढे जा असं आधी कबूल करून घ्या. माझ्या बहिणीचा एक दोनरंगी ब्लाउज एका दुकानाने न तपासता साफ केला. पांढरी अर्धी बाजू राखाडी होऊन परत आली. तो ब्लाउज तिचा फार लाडका होता.

मांजरपाट

मापाचं कुणी विचारलं का? लेबलावरच्या आकड्यावर जाऊ नका बरं!

घडी_मोड

बरोबर आठवण केलीत. जुन्या आकड्यांचा आजच्या आकड्यांशी मेळ बसत नाही. अमेरिकेत स्त्रियांच्या मापांचं सरकारी प्रमाण 1958 मध्ये आलं आणि 1983 मध्ये मागे घेतलं गेलं. त्यानंतर प्रत्येक घर आपापलं माप धरू लागलं. इटालियन आकडे तर आणखी वेगळे. म्हणून ड्रेस सपाट पसरून काखेखाली, कमरेत, नितंबावर, खांद्यापासून खांद्यापर्यंत आणि बाहीच्या दंडावर मापं मागा. मागावर विणलेलं रेशीम ताणलं जात नाही, त्यामुळे छातीत अंगाच्या मापापेक्षा निदान पाच सेंटिमीटर जास्त हवेत. दंडाचं माप लोक विसरतात, आणि जुन्या ड्रेसची बाही हमखास तिथेच अडते. घट्ट बाही म्हणजे काखेच्या शिवणीवर ताण, आणि तुमची काख आधीच नाजूक आहे.

निळी_रेघ

सगळी मापं आली. छाती, कंबर व्यवस्थित. दंडात जेमतेम, पण बसतंय.

काखेजवळ ताण देऊन तिने छोटा व्हिडिओच पाठवला. काळ्या बाजूला कापड घट्ट आहे. लाल बाजूला दोरे फाकत नाहीत, आवाजही नाही, पण अस्तर मात्र विरलंय. बाहेरच्या शिवणीवर गुलाबी कड नाही, उजेडात काढलेल्या फोटोत हस्तिदंती स्वच्छ आहे. लाल शिवणीतला दोरा जाळला, वास केसासारखा आला म्हणाली.

दशकाचं मी तिला सांगितलं, लेबलाची आणि खांद्यांची कारणं देऊन. तिने पाटीवरचं 'साठ' काढून 'ऐंशी' केलं आणि अस्तराचा दोष धरून किंमत उतरवली. आता ती मला झेपते. मी घेतला!

ताणा_बाणा

अभिनंदन! पिवळा पट्टा जपा.

मांजरपाट

मी तर पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. फोटो टाका आल्यावर.

सुई_क्रमांक_नऊ

छान झालं. आला की उन्हात टांगू नका, खिडकीसमोरही नको. प्रकाशाने रेशीम पिवळं पडतं आणि ठिसूळही होतं, हस्तिदंती भागावर ते आधी दिसेल. ठेवताना जाड रंगीत भागांमध्ये आम्ल नसलेला पांढरा टिश्यू कागद घालून सैल घडी घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. रेशीम प्रथिनाचं आहे, कसर त्यावर ताव मारते, आणि घामाचा डाग असलेली जागा ती आधी गाठते. म्हणून साफ केल्याशिवाय कपाटात ठेवायचा नाही.

उरेब_पट्टी

आणि कपाटात ठेवण्याआधीही एक काम आहे. खांद्याचे पॅड आधी तपासा. ऐंशीच्या दशकातले बरेच पॅड फोमचे असतात आणि तो फोम वयाने चिकट होतो, मग भुकटी होऊन पिवळे डाग पाडतो. खांदा दोन बोटांत धरून हलकेच दाबा. कुरकुरलं किंवा दबून तसंच राहिलं तर अस्तराचे चार टाके उसवून पॅड बाहेर काढा, ड्राय-क्लीनिंगला देण्याच्या आधी. फोमचा चुरा द्रावात सुटला तर सगळ्या अस्तरभर पसरेल. जागी कापसाचे पॅड घाला, जुन्याच जाडीचे, नाहीतर हस्तिदंती भाग खाली ओघळेल आणि कमरेवरची निळ्याची रेघ तिरकी दिसेल.

निळी_रेघ

हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. ड्रेस आला की आधी खांदे दाबते, पॅड काढावे लागले तर आतल्या शिवणीचे फोटो इथेच टाकते. रफू_वाली, अस्तरासाठी हाबुताई, म्हणजे ते पातळ गुळगुळीत रेशीम, चालेल की क्रेप बघू?

रफू_वाली

हाबुताई चालेल, हलकं घ्या. हस्तिदंती किंवा रंग न दिलेलंच घ्या, आणि शिवायच्या आधी धुऊन आटवून घ्या.